मीठ कुणाच्या नावावर?

वैशाखातली दुपार. शिरोळ तालुक्यातलं, पंचगंगेच्या काठचं एक गाव. सोप्यात मामी कैरीच्या फोडींना मीठ-हळद चोळून परातीवर फडकं टाकत आहेत. मामांची शेती साडेतीन एकर. त्यातलं एक एकर क्षारपड होतं. चार वर्षांपूर्वी जमिनीखाली सच्छिद्र पाइप घातले, आणि आता तिथं पुन्हा ऊस उभा आहे. भाची केमिकल इंजिनिअर. आठ वर्षं ती तमिळनाडूत तिरुपूरला आहे, कापड रंगवणाऱ्या कारखान्यांच्या एका सामायिक सांडपाणी प्रकल्पावर. सुट्टीला आली आहे. नदीवरचा पूल ओलांडताना तिनं गाडीची काच वर केली, आणि ते मामांनी पाहिलं. विषय तिथून निघाला.

मामा : काच वर केलीस तेव्हाच ओळखलं, पोरीला वास आला. आम्हाला आता तो येतही नाही. उन्हाळ्यात पाणी आटलं की तेरवाडच्या बंधाऱ्याला मेलेले मासे लागतात. पेपरात फोटो येतो, कोणीतरी येऊन बाटल्या भरून नेतं, आणि पहिला वळीव पडला की सगळ्यांना विसर पडतो. तू एवढंच सांग, तुमच्या तिरुपूरला जे जमलं ते आमच्या इचलकरंजीच्या कापड रंगवणाऱ्यांना का जमत नाही?

भाची : मामा, नदीत एकट्या इचलकरंजीचं पाणी नाही. वरून कोल्हापूर शहराचं सांडपाणी येतं, काठावरच्या गावांचं येतं, साखर कारखान्यांचं येतं.

मामा : वाटेकरी आम्हालाही मोजता येतात. सगळ्यांची नावं घेतली की कुणाचंच घेतल्यासारखं होत नाही. आज एकाचं बोल. कापड रंगवणाऱ्याचं.

भाची : बरं. मग आधी हे ऐका की तिरुपूरला कुणी हौसेनं काही केलं नाही. तिथली नदी नोय्यल. पश्चिम घाटात वेल्लियंगिरीच्या डोंगरात उगम पावते आणि पुढं कावेरीला मिळते. 1992 साली तिच्यावर ओरत्तुपालयमचं धरण झालं, शेतीसाठी. त्याच सुमाराला तिरुपूरचा बनियन-टीशर्टचा धंदा परदेशात जोरात चालू लागला. थोड्याच वर्षांत धरणात पावसाच्या पाण्याबरोबर रंगशाळांचं पाणी साठलं. शेवटी खालचे शेतकरीच म्हणू लागले, हे पाणी आमच्या कालव्यात सोडू नका.

मामा : धरणाचं पाणी नको म्हणणारे शेतकरी! आमच्याकडं पाळी चुकली तर कुऱ्हाडी निघतात.

भाची : ते कोर्टात गेले. 2006 साली मद्रास हायकोर्टानं मुदत घालून दिली आणि तोवर सोडलेल्या पाण्यावर लिटरमागं सहा पैशांपासून चढत जाणारा दंड लावला. 2009 साली सुप्रीम कोर्टानं तेच उचलून धरलं : ज्यानं घाण केली त्यानं निस्तरायची. तरी पाणी थांबेना. मग जानेवारी 2011 मध्ये हायकोर्टानं सगळ्या रंगशाळांना कुलपं लावायला सांगितली. सातशेच्या आसपास रंगशाळा एका हुकमासरशी बंद. आधी एक थेंबही बाहेर जात नाही हे दाखवा, मग उघडा. पुढं राज्य सरकारनं सुमारे 200 कोटींचं बिनव्याजी कर्ज दिलं आणि सांडपाणी पडद्यांतून, म्हणजे मेंब्रेनमधून, गाळणारा एकेक सामायिक प्रकल्प चालू झाला.

मामा : मग झालं की! कोर्टानं कान धरला, पडदे बसले, नदी सुटली. तुला त्यात खोट कुठं दिसती?

भाची : मी रोज ते पडदे चालवते म्हणून दिसते. मामा, पडदा काही नाहीसं करत नाही. तो फक्त वेगळं करतो. हे ध्यानात न घेता 'मेंब्रेन बसवा, नदी वाचेल' म्हणणं म्हणजे घर झाडून केर दाराआड लोटणं.

मामा : आता मला ते नीट समजावून सांग. पण पुस्तकातलं नको.

भाची : परातीत बघा. मामींनी फोडींना मीठ लावून अर्धा तास झाला, आणि खाली पाणी सुटलं. कुणी पिळलं का त्यांना? मीठ बाहेर, पाणी आत, आणि मधे फोडीची नाजूक त्वचा. जिथं मीठ जास्त तिकडं पाणी आपणहून ओढलं जातं. तुमचा क्षारपडीतला ऊस याच कारणानं वाळला होता.

मामा : मुळं ओलीत आणि पानं पिवळी. पाणी होतं, पण ते पीक पिऊ शकत नव्हतं. डोळ्यानं बघितलंय.

भाची : जमिनीतलं मीठ मुळाकडून पाणी मागत होतं. आमच्या प्रकल्पात आम्ही हेच उलटं चालवतो. मिठाच्या बाजूनं पंपाचा दाब द्यायचा, इतका की पाण्यानं ओढ सोडून उलट दिशेनं पडद्यातून पलीकडं जावं. म्हणून त्याला रिव्हर्स ऑस्मॉसिस म्हणतात. तुमच्या किचनमधल्या आरओचं पूर्ण नाव तेच. समुद्राच्या पाण्याची ही ओढच सुमारे 27 बार असते, म्हणजे मोटारीच्या टायरातल्या हवेच्या दहापटीहून जास्त. त्याच्या दुप्पट दाब द्यावा तेव्हा गोडं पाणी मिळतं.

मामा : आणि एवढा दाब सोसतो तो पडदा?

भाची : मागं आधार असतो म्हणून सोसतो. खरं काम करणारा थर केस उभा चिरून तीनशे भाग केले तर त्यातल्या एका भागाइतका पातळ. असा पडदा गुंडाळून आठ इंच जाडीचं, चाळीस इंच लांबीचं नळकांडं करतात. उलगडलं तर चारशे चौरस फूट भरेल, या सोप्याहून मोठं. तसली शेकडो नळकांडी आमच्याकडं ओळीनं लावलेली आहेत. पहिला वापरण्याजोगा पडदा 1960 च्या सुमाराला कॅलिफोर्नियात दोघांनी बनवला, सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरीराजन. त्यातले सौरीराजन आपल्याकडचे.

मामा : बरं, म्हणजे यंत्र चांगलं आहे. मग रडतीस कशाला?

भाची : हिशेब सांगते, तो तुम्हीच करा. सुती कापडावर जो रंग पक्का बसतो त्याला मीठ लागतं. पाण्यात कापूस आणि रंग दोघांवरही एकाच जातीचा विद्युतभार असतो, म्हणून ते एकमेकांना जवळ येऊ देत नाहीत. मीठ त्यांची समजूत घालतं. गडद रंगाला किलोभर कापडामागं अर्धा किलोच्या आसपास मीठ जातं. आणि त्यातलं कापडात किती राहतं?

मामा : अर्धं?

भाची : काहीच नाही. सगळं धुण्याच्या पाण्यात उतरतं. रंगाचाही बराचसा भाग न चिकटता वाहून जातो, पण रंग दिसतो म्हणून त्याचा बोभाटा होतो. मीठ दिसत नाही. आता धरा, एक लाख लिटर सांडपाणी, लिटरमागं सहा ग्रॅम क्षार. किती झालं?

मामा : सहाशे किलो. बारा पोती.

भाची : बारा पोती. आधी टाक्यांत जिवाणू सोडून आम्ही त्यांना घाण खायला घालतो. मग जाड चाळण, मग बारीक चाळण, मग आरओ. शेवटी नव्वद हजार लिटर स्वच्छ पाणी मिळतं, आणि ते पुन्हा रंगवायलाच जातं. तिरुपूरला पाणी दुरून आणावं लागतं, त्यामुळं परत मिळालेल्या लिटरला तिथं किंमत आहे. पण उरलेल्या दहा हजार लिटरमध्ये ती बारा पोती तशीच असतात. आम्ही त्याला रिजेक्ट म्हणतो. ते समुद्राहूनही खारट.

मामा : मग ते उकळायचं.

भाची : उकळतोच. पण उकळण्याची किंमत बघा. आरओनं समुद्राचं एक हजार लिटर पाणी गोडं करायला तीन-चार युनिट वीज लागते. तेवढंच पाणी उकळून उडवायला सव्वासहाशे युनिटांइतकी उष्णता. एकाच्या वाफेवर दुसरं तापवत चार-पाच भांडी ओळीनं लावली की तीच उष्णता चार-पाचदा वापरता येते, तरी बॉयलर लागतोच. आणि बॉयलरला लाकूड. नदी वाचवायला आम्ही ट्रकनं लाकडं जाळतो, मामा. शेवटी भांड्याच्या तळाला जे उरतं ते स्वयंपाकाचं पांढरं मीठ नसतं. दोन-तीन जातींचे क्षार, रंगाचे अवशेष, सगळं एकत्र. त्याला गिऱ्हाईक नाही. पोत्यांत भरून शेडमध्ये रचून ठेवायचं आणि छप्पर गळू नये म्हणून पावसाळाभर जागं राहायचं.

मामा : आणि पडदे?

भाची : ते चोंदतात. आम्लानं आणि अल्कलीनं धुवायचे, तीन ते पाच वर्षांनी बदलायचे. जुने कुठं टाकायचे हा आणखी एक प्रश्न. वर त्यांना क्लोरिन सोसत नाही. सामायिक प्रकल्पाला पंचवीस-तीस रंगशाळा जोडलेल्या. एकानं रात्री ब्लीचिंगचं पाणी तसंच सोडलं आणि आम्हाला वेळेत कळलं नाही, तर सगळ्यांच्या पैशांचे पडदे एका रात्रीत खराब.

मामा : हे मला समजतं. पाणीवापर संस्थेत एकानं दार फोडलं की शेवटच्याचं पीक वाळतं.

भाची : तेच. म्हणून मी म्हणते, कायद्यानं सगळ्यांना शून्य सांडपाण्याची सक्ती केली तर मोठा टिकतो. दहा कामगारांचा छोटा एकतर बंद पडतो, नाहीतर रात्री पाइप ओढ्याला लावतो, नाहीतर जिथं कुणी विचारत नाही अशा दुसऱ्या नदीकाठी जातो. शून्य कागदावर राहतं.

मामा : झालं तुझं? आता माझं ऐक. तू आठ वर्षं पडद्याच्या त्या बाजूला उभी आहेस, मी सत्तर वर्षं या बाजूला. तू म्हणतीस, पडदा नुसतं वेगळं करतो. अगं, आम्हाला तेच पाहिजे! आज काय होतं? सगळ्यांचं मीठ नदीत जातं, मिसळतं, पसरतं. मग ते कुणाचं? कुणाचंच नाही. मी तक्रार केली तर प्रत्येक जण वरच्याकडं बोट दाखवतो. तूही मघाशी तेच केलंस.

भाची : केलं.

मामा : आणि तुझ्या शेडमध्ये? तिथं बारा पोती आहेत. मोजता येतात, वजन करता येतं. आज बारा का नाहीत, नऊच का, असं विचारता येतं. कमी भरली म्हणजे कुणीतरी रात्री पाइप लावलाय. नदीतलं मीठ बेवारस असतं, पोत्यातलं मीठ कुणाच्या तरी नावावर असतं. तू ज्याला रडगाणं म्हणून सांगितलंस ते माझ्या लेखी सगळ्यात मोठं काम आहे.

भाची : (थोडं थांबून) पोती मोजून चोर सापडतो, हे खरं आहे. आम्ही तसंच पकडतो. आत आलेल्या पाण्यातले क्षार आणि बाहेर निघालेली पोती, दोन्हींचा मेळ बसला नाही की कुणाच्या तरी लाइनवर माणूस पाठवावा लागतो.

मामा : मग?

भाची : मग एवढंच की बेवारस मीठ नावावर झालं, तरी ते मीठच राहतं. तुमचा न्याय होतो, प्रश्न सुटत नाही. खरा इलाज पडद्याच्या अलीकडं आहे. मीठ घातलंच नाही तर काढावं लागणार नाही. तिरुपूरचं कापड होजिअरीचं. ते यंत्रात दोरासारखं फिरवत, भरपूर पाण्यात रंगवतात, म्हणून मीठ लागतं. इचलकरंजीचं मागावरचं, उभ्या-आडव्या धाग्यांचं. ते सपाट ताणून रंगात बुडवायचं, रुळांमधून पिळायचं, गुंडाळी करून प्लास्टिकमध्ये बांधून एक रात्र गार ठेवायचं. याला कोल्ड पॅड बॅच म्हणतात. पाणी कमी, वाफ जवळजवळ नाही, आणि मीठ लागत नाही म्हटलं तरी चालेल. तिरुपूरहून इचलकरंजीनं पडदा उचलायच्या आधी हे बघावं की आपल्याला त्यांच्याइतकं मीठ मुळात लागतं का.

मामा : ही पद्धत नवी आहे?

भाची : नाही, कित्येक वर्षं चालत आलेली आहे.

मामा : मग सगळे का करत नाहीत?

भाची : लहान ऑर्डर असते, दिवसाला चार रंग बदलायचे असतात, रात्रभर थांबायला वेळ नसतो, छटा जुळेल की नाही याची भीती असते. आणि मीठ स्वस्त आहे.

मामा : मीठ स्वस्त आहे, कारण नदी फुकट आहे! नदीत सोडायला काहीच पडत नसेल तर कोण कशाला पद्धत बदलेल? तुझी ती रात्रभर गार ठेवायची युक्ती कुणी कधी घेईल माहीत आहे? बारा पोती त्याच्या दारात रचलेली असतील आणि त्यांचं भाडं त्याला भरावं लागेल तेव्हा. आधी पडदा, मग त्याला अक्कल. तू उलटं सांगतीस.

मामी : (परातीवरून मान न उचलता) दोघं मिठावर भांडताय, पण हे सुटलेलं पाणी मी कधी टाकून दिल्याचं बघितलंय का कुणी? फोडी निथळून घ्यायच्या आणि हा खार पुन्हा लोणच्यातच घालायचा. नवीन मीठ कमी लागतं.

भाची : मामी, तिरुपूरच्या काही प्रकल्पांनी इतक्या वर्षांनी हेच शोधलं! मामा, हा माझाही मुद्दा आणि तुमचाही. तिथं साध्या मिठाऐवजी ग्लॉबर सॉल्ट, म्हणजे सोडियम सल्फेट, वापरायला लागले. मग रिजेक्टमधला रंग काढून ते खारं पाणी नॅनोफिल्ट्रेशनच्या पडद्यातून सोडतात. हा पडदा आरओपेक्षा थोडा सैल. सल्फेट अडवतो, साधं मीठ बरंचसं जाऊ देतो. म्हणजे खिचडी झालेले क्षार निवडले जातात, आणि सल्फेटचं खारं पाणी थेट पुढच्या रंगाच्या घाण्यात जातं. उकळायला कमी, पोती कमी.

मामा : म्हणजे वेगळं केल्याशिवाय परत वापरता आलं नाही.

भाची : नाही आलं. हे मला मान्य.

मामा : आणि पोती दारात साठली नसती तर कुणी ते शोधलंही नसतं.

भाची : हेही बहुधा खरं. आता मी एक विचारू? राग मानायचा नाही.

मामा : विचार.

भाची : तुमच्या क्षारपडीतल्या पाइपांनी काय केलं? वरून पाणी दिलं, ते जमिनीतलं मीठ धुऊन खाली आलं, भोकांतून पाइपात शिरलं. जमीन सुधारली. मीठ नाहीसं झालं का?

मामा : ... वाहून गेलं.

भाची : तुमच्या पाइपाचं तोंड कुठं उघडतं?

मामा : ओढ्यात.

भाची : आणि ओढा?

(मामी पहिल्यांदाच मान वर करून मामांकडं बघतात.)

मामा : तुला माहीत आहे कुठं जातो. पण आमचं तसं नाही. आम्ही काही पोती ओतत नाही. ते जमिनीतलं मीठ, नदीच्याच पाण्यातनं आलेलं, वर्षानुवर्षं पाटानं पाणी देऊन वर चढलेलं.

भाची : रंगशाळेचा मालकही हेच म्हणतो, मामा. मी मीठ खात नाही, गिऱ्हाइकाला गडद रंग पाहिजे. वरच्यांनी घाण केली, माझं तर थोडंसंच.

मामा : (बराच वेळ गप्प राहून) तुमचं ते सोडायचं प्रमाण काय असतं?

भाची : नदी-नाल्यात सोडायच्या पाण्याला लिटरमागं 2100 मिलिग्रॅम क्षार. ही मर्यादा कारखान्यांना आहे. शेतातून निघणारं पाणी कोणी तपासत नाही.

मामा : आणि तू ते कशानं मोजतीस?

भाची : पेनाएवढा मीटर असतो. बॅगेत आहे. सवयीनं बरोबर असतो.

ऊन कलल्यावर दोघं रानात गेले. ओढ्याच्या काठावर, करंजाच्या सावलीत, सिमेंटच्या नळाच्या तोंडातून बोटाएवढी धार पडत होती. पाणी काचेसारखं नितळ, वास नाही, रंग नाही. पुलावरून जाणाऱ्या कुणी या पाण्यासाठी काच वर केली नसती. धार पडत होती तिथल्या दगडांवर मात्र पांढरा थर धरला होता. भाचीनं पेल्यात पाणी धरलं आणि मीटर बुडवला. आकडा झरझर चढला. 2100 ओलांडून गेला, आणखी चढला आणि मग थांबला. तिनं मीटर झटकून पुसला, पुन्हा बुडवला. तोच आकडा.

मामांनी चष्मा वर करून तो वाचला. खिशातून उसाच्या तोडीच्या नोंदींची छोटी वही काढली आणि तिच्यापुढं धरली.

"लिही," ते म्हणाले. "तारीख घाल. आणि वर माझं नाव घाल. उद्या इचलकरंजीला जाऊन त्यांची वही मागायची झाली, तर आपल्या हातात आपली असलेली बरी."